प्रिंटर विसरला ते अक्षर

मला फिजिक्स येत नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण लग्नकार्यात कोणी तरी हमखास ओळख करून देतं, "या सुमनताई, यांनी फिजिक्सच्या किती तरी पीएच.डी. केल्या," आणि समोरचा माणूस एकदम हात जोडतो. केल्या नाहीत हो, टाइप केल्या! पण खोटं कशाला बोलू, जोडलेले हात मी कधी सोडायला लावले नाहीत.

नागपुरात बर्डीवर पांडेजींचं टायपिंगचं दुकान होतं. खाली चपलांचं दुकान, वर आम्ही. मी लागले तेव्हा दुकानात अर्ज, करारनामे, कोर्टाचे कागद बडवणारे चांगले पटाईत लोक होते. पण गणिताचं काम जिना चढून वर आलं की सगळे मिळून चहाला जायचे. मी नवी. मला चहाला कोणी बोलावलं नाही, म्हणून ते काम माझ्या टेबलावर आलं आणि पुढे जन्मभर तिथेच राहिलं.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. टाइपरायटरला बिचाऱ्याला ए बी सी डी, आकडे आणि चार कंस एवढंच माहीत. फिजिक्सवाल्यांना मात्र ग्रीक अक्षरं हवीत, अक्षराच्या डोक्यावर आकडा हवा, पायाशी आकडा हवा, एखाद्याला दोन्हीकडे हवा. मग वर चढवायचं तर रोलर अर्धं घर खाली फिरवायचा, आकडा मारायचा, रोलर परत जागेवर आणायचा. थीटा हवा असेल तर ओ मारून, एक घर मागे येऊन, त्याच्या पोटात आडवी रेघ. आणि जे कशानेच जमत नाही, त्याच्यासाठी जागा मोकळी सोडायची. खाली कार्बनच्या प्रती असायच्या, त्यांतही तीच जागा मोकळी. सगळं टाइप झालं की काळ्या शाईने हाताने त्या जागा भरायच्या. आम्ही त्याला भरणी म्हणायचो.

भरणी म्हणजे घरचं कार्यच. ज्याचा प्रबंध तो एकटा कुठवर भरणार? बायको यायची, धाकटा भाऊ यायचा, एकाचे तर सासरे आले होते, रिटायर्ड तलाठी. सातबारा लिहून लिहून त्यांचा हात असा वळणदार झाला होता, की त्यांनी काढलेला प्रत्येक सिग्मा शेताच्या बांधासारखा वळण घेऊन यायचा. म्हणून मी एक नियम घातला होता. एका प्रकरणात एकच हात. प्रकरण बदललं की अक्षर बदललं तरी खपतं, पण एकाच पानावर तीन वळणं आली की परीक्षकाला वाटतं, प्रबंधही तिघांनी लिहिलाय.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने! अमरावतीकडचे एक प्राध्यापक यायचे. त्यांच्या अक्षरात इंग्रजी व्ही, ग्रीक न्यू आणि ग्रीक गॅमा ही तिन्ही भावंडं अगदी एका चेहऱ्याची. मी विचारलं, "सर, यातलं कुठलं कोणतं?" तर म्हणाले, "संदर्भावरून कळतं ना ताई." मी म्हटलं, "सर, संदर्भ तुमच्या डोक्यात, बोटं माझी. मला कसं कळणार?" तर ते रुसून समोरच्या टायपिंगच्या दुकानात गेले. आठ दिवसांनी परत आले. या वेळी तिन्ही अक्षरं तीन रंगांत होती. माणूस सुधारतो, मात्र त्याला समोरच्या दुकानात एकदा जाऊ द्यावं लागतं.

मग ऐंशीच्या पुढे दुनिया बदलायला लागली. एक दिवस पांडेजींनी दोन हमालांकडून एक खोकं वर आणवलं. त्यातून टीव्हीसारखा एक डबा निघाला, एक कीबोर्ड निघाला आणि एक प्रिंटर. पांडेजींनी प्रिंटरला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मला म्हणाले, "बहनजी, ये वर्ड प्रोसेसर है. अब आपको कुछ नहीं करना, सब ये करेगा."

सगळं ते करणार! काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. एक्सच्या डोक्यावर दोन चढवायचा, तर पडद्यावर तो चढलेला दिसायचाच नाही. एक्स, मग एक खूण, मग दोन, मग परत तीच खूण, असं सपाट एका ओळीत दिसायचं. दुसरी खूण द्यायची राहिली, की कागदावर पुढचा अख्खा परिच्छेद अर्धी ओळ वर चढून बसायचा. पहिले दोन महिने मी घरी जाऊन रोज नवऱ्याला सांगायची, "उद्यापासून नाही जात." तो म्हणायचा, "बरं." आणि सकाळी डबा भरून माझ्या हातात द्यायचा. माझा राग त्याला चांगला ठाऊक होता.

पण एकदा खोडलेलं दिसत नाही, पान नव्याने मारावं लागत नाही, हे लक्षात आलं आणि मी त्या डब्याच्या प्रेमातच पडले. टाइपरायटरवर शेवटच्या ओळीत चूक झाली की डोळ्यांत पाणी यायचं. इथे नुसतं मागे जायचं आणि दुरुस्त करायचं. इतकं सोपं असतं होय, असं वाटायचं.

आता मुख्य गोष्ट. प्रिंटरला काही ग्रीक अक्षरं जन्मतः येत होती. पण फिजिक्सचं एक लाडकं अक्षर आहे, इंग्रजी छोटा एच आणि त्याच्या दांड्यावर एक आडवी काडी. त्याला एच-बार म्हणतात. ते काही प्रिंटरला येत नव्हतं. प्रिंटरचं पुस्तक मी चाळत बसले, तेव्हा कळलं, की त्याला नवीन अक्षर शिकवता येतं. तो प्रत्येक अक्षर बारीक ठिपक्यांनी काढतो. आपण चौकटीच्या कागदावर कुठे ठिपका हवा ते ठरवायचं, त्याचे आकडे काढून त्याला द्यायचे, आणि कीबोर्डावरची कुठली तरी एक बिनकामाची खूण त्या अक्षराच्या नावाने राखून ठेवायची. मी अॅटची खूण राखली, आत ए असलेलं ते गोल वेटोळं. तेव्हा ते कोणाच्या कामाचं नव्हतं. मी अॅट दाबायची, कागदावर एच-बार उमटायचा.

आणि नियम काय, तर आडव्या ओळीत शेजारी-शेजारी दोन ठिपके द्यायचे नाहीत, एक सोडून एक. म्हटलं, अरे, ही तर ठिपक्यांची रांगोळी! त्या दिवाळीत माझ्या नंदनवन कॉलनीतल्या घरासमोर काय निघालं असेल सांगा बरं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "हे काय वं, कासव का?" मी म्हटलं, "नाही, हे फिजिक्स आहे." त्यांनी त्यावर पणती ठेवली आणि गेल्या.

तर याच दिवसांत प्रज्ञा माझ्याकडे आली. सडपातळ, चष्मेवाली, बोलायला हळू. एका कॉलेजात ती तात्पुरती शिकवत होती. वडील लवकर वारले. आई शेवंताबाई बिड्या वळायची आणि त्यावर तिने पोरीला एम.एस्सी.पर्यंत आणलं होतं. प्रबंध लिहून तयार होता, पण घोडं अडलं होतं ते दुसरीकडेच. तिचे गाईड सर महिनाअखेर रिटायर होत होते. त्यांच्या सहीने प्रबंध विद्यापीठात गेला तर गेला, नाही तर नवे गाईड शोधायचे. नवे गाईड म्हणजे नवा हट्ट, नवी प्रकरणं, निदान आणखी दीड-दोन वर्षं. तोवर कॉलेजातली तात्पुरती जागाही जाणार होती. नातेवाईक आधीच शेवंताबाईंना टोचत होते, "किती शिकवतेस वं पोरीले? लगन कर ना तिचं." माय कोणाला उत्तर देत नव्हती. पण यंदा जमलं नाही तर तिला उत्तर द्यावं लागणार होतं.

मी झपाटल्यासारखं टाइप केलं. सर कडक होते. दर आठवड्याला लाल शाईने रंगवलेली पानं परत यायची, मी दुरुस्त करायची, ती पुन्हा सरांकडे जायची. टाइपरायटरवर हे शक्यच नव्हतं. सरांच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही छापायला घेतलं. हिशेब साधा होता. दुपारपर्यंत छापून, झेरॉक्स करून, पाचच्या आत बाइंडरच्या हाती पानं द्यायची. तो दुसऱ्या दिवशी सकाळी प्रती बांधून देणार, सर सही करणार, प्रज्ञा नेऊन देणार. पाचच्या नंतर मी घेत नाही, असं बाइंडरने बजावलं होतं.

एप्रिलचं नागपूर. पहिलं प्रकरण निघालं, सुरेख निघालं. एवढ्यात लाइट गेली. प्रज्ञाची आई जेवणाचा डबा घेऊन आली होती. आम्ही तिघी मागच्या खोलीत जेवायला बसलो. भाकर, झुणका आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा. ठेचा असा जहाल, की मला प्रबंधबिबंध सगळं क्षणभर विसरायला झालं. तेवढ्यात लाइट आली, बाहेर प्रिंटरची कुरकुर सुरू झाली, आणि पांडेजींचा आवाज आला, "आप आराम से खाइए बहनजी, मैं निकाल रहा हूँ."

माणूस मनाने सोन्यासारखा. पानामागून पान काढून त्यांनी नीट गठ्ठा लावून ठेवला. मी हात धुऊन आले, वरचं पान उचललं आणि पाहते तर काय!

पानभर अॅट. जिथे म्हणून एच-बार हवा, तिथे ते गोल वेटोळं. दुसरं पान, तिसरं पान, पार पाचव्या प्रकरणाच्या शेवटापर्यंत सगळीकडे तेच. कॉम्प्युटर सगळं फ्लॉपीवरून परत वाचतो, पण प्रिंटरला शिकवलेलं अक्षर प्रिंटरच्याच डोक्यात असतं. लाइट गेली की ते विसरतो. दर वेळी चालू केल्यावर त्याला ते नव्याने शिकवावं लागतं. हे मला ठाऊक होतं. पांडेजींना कोण सांगणार होतं? त्यांना वाटलं, कागद घातला, बटण दाबलं, झालं.

"पांडेजी, ये क्या किया!"

ते घाबरून म्हणाले, "बहनजी, मशीन ने ही तो किया."

मी म्हटलं, हरकत नाही, परत शिकवते, परत काढू. फ्लॉपी घातली आणि खाली रस्त्यावर धाड्‌दिशी आवाज झाला. ट्रान्सफॉर्मर उडाला. खालचा चपलावाला ओरडून म्हणाला, "आता संध्याकाळपर्यंत विसरा जी." पंखा फिरता फिरता थांबला. प्रज्ञा खुर्चीवर बसली आणि गठ्ठ्याच्या कडा नीट करत राहिली. रडली असती तर बरं वाटलं असतं.

एवढ्यात जिन्यावर सरांची पावलं वाजली. शेवटची नजर टाकायला ते स्वतःच आले होते. मी पानं पुढे केली. म्हटलं, आता बोलणार. त्यांनी चष्मा वर केला, दोन पानं पाहिली आणि विचारलं, "बाकी सगळं बरोबर आहे?"

"बाकी सगळं बरोबर आहे, सर."

"मग सुमनताई, तुमचा भरणीचा डबा कुठे आहे?"

मला कसं सुचलं नाही, देव जाणे! वीस वर्षं जे हाताने केलं ते त्या कॉम्प्युटरच्या नादात डोक्यातून पार गेलं होतं. मी कपाटाच्या तळातून टाक, शाई, पांढरं करेक्शन सगळं काढलं. अॅटवर पांढरा ठिपका द्यायचा, वाळला की त्यावर एच-बार काढायचा. झेरॉक्समध्ये काही कळत नाही. आणि एप्रिलच्या उन्हात वाळायला वेळ तो कितीसा लागणार? नागपूरच्या उन्हाळ्याचा आयुष्यात एकदा तरी उपयोग झाला.

पहिलं प्रकरण छापून झालंच होतं. दुसरं सरांनी घेतलं. तिसरं प्रज्ञाने, पाचवं मी. चौथं उरलं. त्यात सगळ्यात जास्त एच-बार, कारण पोरीचं खरं संशोधन तिथेच. पांडेजींकडे मी पाहिलंसुद्धा नाही, त्यांची मदत आज पुरे झाली होती.

"मले द्या ना वं ताई," कोपऱ्यातून शेवंताबाई म्हणाल्या.

प्रज्ञा पटकन म्हणाली, "आई, राहू दे. शाई आहे ती, डाग पडला तर पान गेलं."

"काहून? माह्या हाताले काय झालं?" शेवंताबाईंचा आवाज चढला नाही, पण मला लागला. "एवढी वर्षं पान कापून राहिली मी. एक बिडी वाकडी निघाली तं ठेकेदार अख्खा कट्टा फेकते. मले वाकडं काढता येतच नाही."

मी त्यांना एक रद्दी पान दिलं आणि वर एच-बार काढून दाखवला. त्या बघत राहिल्या. "हे तं खुर्ची होय. पाठीले आडवी काडी मारली." आणि टाक उचलून त्यांनी काढला. एक, दोन, पाच, दहा. मी दहाव्यावरून पहिल्यावर नजर नेली. काही फरक नाही. मी गुपचूप चौथं प्रकरण त्यांच्यापुढे ठेवलं. प्रज्ञाने आपली खुर्ची उचलून आईला खिडकीच्या उजेडात लावून दिली.

मग जी भरणी झाली! घामाने मान भिजलेली, पानावर थेंब पडू नये म्हणून प्रत्येकाच्या डोक्याला रुमाल बांधलेला, सरांच्यासुद्धा. पांडेजी वर्तमानपत्राने वारा घालत होते आणि माझ्या शिव्या खात होते, कारण वाऱ्याने पानं उडत होती. सरांचे एच-बार बघून मला राहवेना. "सर, तुमची खुर्ची लंगडी होऊन राहिली." सर म्हणाले, "माझं अक्षर कधीच चांगलं नव्हतं, म्हणून तर फिजिक्सकडे आलो."

शेवंताबाईंनी मध्येच विचारलं, "बाई, काढून तं राहिली मी. पण हाय काय ते?"

प्रज्ञाने मान वर न करता सांगितलं, "आई, निसर्गात ऊर्जा देणंघेणं असतं ना, ते हवं तितकं बारीक करून देता येत नाही. पूर्ण नगच द्यावा लागतो. ठेकेदार अर्धी बिडी मोजून घेतो का?"

"छ्या, अर्धी कोन घेईल?"

"तसंच. त्या एका नगाचा हिशेब या खुर्चीत आहे."

शेवंताबाईंनी थोडा विचार केला. "मंग याच्यात शोध कायचा लागला? हे तं आमाले माहीतच होतं."

सर हसले. इतक्या महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. रुमाल डोळ्यांवर घसरेपर्यंत हसले.

पाच वाजायच्या जरा आधी पांडेजी स्कूटरवर बसले, मागे प्रज्ञा, तिच्या मांडीवर गठ्ठा. धरमपेठेत लाइट होती, तिथे झेरॉक्स केली आणि थेट बाइंडरकडे. दुसऱ्या दिवशी सरांनी नोकरीतली शेवटची सही तिच्या प्रबंधावर केली. दुकानात पेढे वाटायला पांडेजीच आधी धावले. चूक त्यांची आणि पेढेही त्यांचेच, हे मी त्यांना नंतर वर्षभर ऐकवलं.

आता कोणी विचारतं, जुन्या कामाची आठवण येते का? येते. हल्ली माझा नातू असलं समीकरण घरबसल्या काढतो, पडद्यावर जसं दिसतं तसंच कागदावर येतं. मी कौतुकाने बघते. आमच्या वेळी हे असतं तर माझी पाठ आणि डोळे वाचले असते. पण भरणीला माणसं जमायची ती आता जमत नाहीत, याची थोडी हळहळ वाटते. पोराने काय लिहिलंय हे घरच्यांना कळत नसे, पण ते लिहिताना ती सगळी त्याच्याजवळ बसलेली असायची. माझी एवढी वर्षं त्या आकड्यांच्या संगतीत गेली, त्यातलं थोडं समजून घ्यायला हवं होतं, असंही वाटतं. शेवंताबाईंनी विचारलं ते मी कधी कोणाला विचारलंच नाही.

प्रज्ञाची तोंडी परीक्षा काही महिन्यांनी झाली, सगळ्यांना खुली. मी आणि शेवंताबाई मागच्या बाकावर बसलो. धम्मचक्राच्या दिवशी नेसायची पांढरी साडी त्या नेसून आल्या होत्या. बाहेरगावचे एक वयस्क परीक्षक आले होते, सगळं इंग्रजीत चाललेलं. प्रज्ञाने फळ्यावर समीकरण लिहिलं तेव्हा शेवंताबाईंनी मला कोपराने ढोसलं. "आपली खुर्ची." मग प्रश्नांवर प्रश्न झाले. प्रज्ञाचा आवाज आधी बारीक होता, मग खणखणीत झाला. शेवटी परीक्षक उठले आणि म्हणाले, पदवी द्यावी अशी मी आनंदाने शिफारस करतो. टाळ्या झाल्या. रिटायर झालेले सर पहिल्या रांगेत जोरजोराने वाजवत होते. शेवंताबाईंना मी सांगितलं, "झाली पोरगी डॉक्टर," तर त्यांनी नुसता पदर डोळ्यांना लावला.

परीक्षक मात्र खाली बसेनात. त्यांनी प्रबंध उघडून वर धरला आणि प्रज्ञाला काही तरी विचारलं. सगळे हसले. प्रज्ञा आमच्याकडे बघायला लागली.

"काय म्हणून राहिला वं तो?" शेवंताबाईंनी घाबरून विचारलं. "काही चुकलं का पोरीचं?"

"नाही हो. ते म्हणतात, दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात हाताने भरलेलं कळतं. पण चौथ्यात सगळी अक्षरं एकसारखी आहेत. ते कोणत्या मशीनवर काढलं, विचारून राहिले. त्यांना त्यांच्याकडे तसलंच घ्यायचं आहे."

प्रज्ञाने उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. त्याआधीच माझ्या शेजारचा बाक करकरला. शेवंताबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि भर सभेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"मीच आहो जी ते मशीन."